एका अधिक चिन्हाची भानगड

मुलांनो, शाळेची घंटा तुम्ही रोज ऐकता. घंटा एकच, पण ती किती वेळा वाजते, कशी वाजते यावर सगळं अवलंबून असतं. समजा, एका शाळेत असा रिवाज आहे : एक टोल म्हणजे तास संपला, तीन टोल म्हणजे मधली सुट्टी आणि लांबलचक घणघण म्हणजे शाळा सुटली. वर्षानुवर्षं असंच चाललंय. मग कुणाच्या तरी मनात येतं, ‘संध्याकाळी इतकी घणघण कशाला? उद्यापासून दोन टोल म्हणजे मधली सुट्टी आणि तीन टोल म्हणजे शाळा सुटली!’ तशी सूचना फळ्यावर लिहिली जाते.

दुसऱ्या दिवशी काय होईल? संध्याकाळी पाचला तीन टोल पडले, की पहिलीतली मुलं ताटल्या घेऊन खिचडीच्या रांगेत उभी राहतील. काल गैरहजर असलेली मुलं डबे उघडतील. आणि फाटकाबाहेरचे रिक्षावाले काका घणघण ऐकू यायची वाट पाहत बसून राहतील.

घंटा बिघडली का? नाही. वाजवणाऱ्या शिपाईकाकांचं काही चुकलं का? तेही नाही. आवाज तोच राहिला, अर्थ मात्र बदलला. आणि ज्यांनी फळा वाचला नव्हता, त्यांच्यासाठी तो गुपचूप बदलला.

आपल्या संगणकाच्या सदरात आज हीच भानगड बघायची आहे. फक्त इथे घंटेच्या जागी आहे काळ्या पडद्यावर लिहिलेली आज्ञा.

चहा, साखर आणि आज्ञा

माउस हलवून, चित्रावर टिचकी मारून संगणक चालवणं तुम्हाला माहीत आहे. पण त्याच्याही आधीपासूनची एक रीत आहे. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक खूण. तिथे शब्द टाइप करायचा, एंटर दाबायचं, की काम झालं. याला म्हणतात कमांड लाइन. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात बेल लॅब्ज नावाची एक मोठी प्रयोगशाळा होती. तिथे १९६९ साली केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘युनिक्स’ बनवायला सुरुवात केली. छोट्या छोट्या आज्ञा, प्रत्येकीचं एकच काम, पण ते चोख! ही युनिक्सची तऱ्हा. आज जगभर चालणारं लिनक्स हे त्याच वळणाचं.

आता ऑप्शन म्हणजे काय? आपण टपरीवर सांगतो, ‘एक चहा, साखर कमी, आलं जास्त.’ यातला ‘चहा’ ही झाली आज्ञा. ‘साखर कमी’ आणि ‘आलं जास्त’ हे झाले ऑप्शन. काम तेच, पण ते कसं करायचं हे ऑप्शन सांगतो.

एक सूचना आत्ताच देऊन ठेवते. इथे आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत, म्हणून ‘टेल’, ‘सॉर्ट’ असं दिसेल. संगणकावर मात्र त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या असतात, बरं का!

युनिक्सच्या कुटुंबात ‘हेड’ आणि ‘टेल’ अशा दोन आज्ञा आहेत. हेड म्हणजे डोकं, टेल म्हणजे शेपूट. हेड फाइलीच्या पहिल्या दहा ओळी दाखवते, टेल शेवटच्या दहा. दहा नको, तीनच हव्या असतील तर? जुन्या पद्धतीत लिहायचे ‘हेड -३’. सरळ, सोपं.

टेलकडे आणखी एक गंमत होती. ‘टेल +४’ लिहिलं, की ती चौथ्या ओळीपासून थेट शेवटपर्यंत सगळं दाखवायची. समजा, ‘यादी’ नावाच्या फाइलीत पहिल्या तीन ओळींत शाळेचं नाव, तालुका आणि वर्ष लिहिलंय आणि चौथ्या ओळीपासून मुलांची नावं आहेत. मग ‘टेल +४ यादी’ म्हटलं, की मथळा गळून नुसती नावं समोर!

तसंच ‘सॉर्ट +१’. सॉर्ट म्हणजे क्रमाने लावणं. ‘+१’ म्हणजे ओळीतला पहिला शब्द सोडून दे आणि दुसऱ्यापासून पुढचं बघून क्रम लाव. ओळीत आधी नाव आणि मग आडनाव असेल, तर यादी आडनावाप्रमाणे लागायची.

फळा न वाचणारा विद्यार्थी

आता तुम्ही म्हणाल, ‘बाई, बदलली आज्ञा तर बदलली. नवी शिकू. त्यात काय मोठंसं?’

तुमचं खरं आहे. माणूस शिकतो. पण या आज्ञा फक्त माणसंच लिहीत नाहीत. रोज रोज तेच टाइप करायचा कंटाळा येतो, म्हणून लोक पाच-पंचवीस आज्ञा एका फाइलीत लिहून ठेवतात आणि संगणकाला सांगतात, ‘रोज रात्री दोन वाजता हे करून टाक.’ अशा फाइलीला स्क्रिप्ट म्हणतात. लिहिणारा माणूस पुढे दुसऱ्या नोकरीला जातो. त्याच्या जागी आलेल्याला अशी काही स्क्रिप्ट आहे हेच माहीत नसतं. पण स्क्रिप्ट मात्र इमानेइतबारे रोज रात्री चालतच असते. कुठे पगाराच्या याद्या लावते, कुठे दवाखान्यातल्या नोंदींची प्रत काढून ठेवते.

ही स्क्रिप्ट म्हणजे फळा न वाचणारा विद्यार्थी! तिला सूचना वाचता येत नाही. ‘अर्थ बदललाय वाटतं, जरा विचारून घेऊ’ असं तिला वाटत नाही. तिच्या लेखी तीन टोल म्हणजे मधली सुट्टी, म्हणजे मधली सुट्टीच!

म्हणून आज्ञा बनवणाऱ्यांचा एक मोठा धर्म आहे. आज्ञा सुधारायची, पण जुन्या पद्धतीने लिहिलेलंही चालत राहील असं बघायचं. इंग्रजीत याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात. आपण म्हणू, जुन्याशी नातं न तोडणं.

अधिक चिन्ह रुसतं

मग मुळात बदलायचंच कशाला? कारण युनिक्सच्या आज्ञा वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वेळी केल्या. कुणी ऑप्शनच्या आधी वजा चिन्ह लावलं, कुणी अधिक लावलं, कुणी काहीच लावलं नाही. प्रत्येक घरात मिठाचा डबा वेगळ्या फळीवर असावा तसं झालं. शेवटी सगळ्यांसाठी एक नियमावली ठरली, तिचं नाव पॉझिक्स. नियम साधा होता : ऑप्शनच्या आधी वजा चिन्ह आणि मग एक अक्षर.

१९९२ च्या नियमावलीत ‘हेड -३’, ‘टेल +४’, ‘सॉर्ट +१’ या रीतींवर ‘मावळतीला लागलेल्या’ असा शिक्का बसला. म्हणजे चालतील, पण नव्याने वापरू नका. त्याऐवजी ‘हेड -एन ३’, ‘टेल -एन +४’ आणि ‘सॉर्ट -के २’ असं लिहा. (‘+१’ म्हणजे एक शब्द सोडून, म्हणजेच दुसऱ्यापासून. म्हणून तिथे २ आला.) पुढे २००१ च्या नियमावलीत जुन्या रीती काढूनच टाकल्या.

आता नीट लक्ष द्या हं. काढून टाकल्यावर ‘+४’ चा अर्थ काय उरला? काहीच नाही? तसं असतं तर बरं होतं! आज्ञेपुढे जे ऑप्शन नाही, ते फाइलीचं नाव असा नियम आहे. आणि फाइलीचं नाव काहीही असू शकतं. म्हणून नव्या नियमाप्रमाणे ‘+४’ झालं एका फाइलीचं नाव!

जीएनयू नावाच्या प्रकल्पातली मंडळी या आज्ञा फुकट, सगळ्यांसाठी बनवतात. त्यांनी नवा नियम पाळला तेव्हा काय झालं बघा. ‘सॉर्ट +१ यादी’ म्हटलं, की सॉर्ट म्हणायची, ‘+१ नावाची फाइल सापडत नाही’ आणि थांबायची. टेलची कथा आणखी मजेशीर. ‘टेल +४ यादी’ म्हटलं, की ती आधी तक्रार करायची, ‘+४ नावाची फाइल उघडता येत नाही.’ आणि मग दुसरी फाइल, म्हणजे आपली ‘यादी’, उघडून तिच्या नेहमीच्या शेवटच्या दहा ओळी दाखवायची. वर्गात चाळीस मुलं असली, तर तीस मुलं यादीतून गायब! रात्री दोन वाजता ती तक्रार वाचायला कोण जागं असणार?

जुन्या स्क्रिप्ट अडायला लागल्या. तेव्हा जीएनयूच्या मंडळींनी एक पळवाट ठेवली होती, ती उपयोगी पडली. संगणकाच्या एका सेटिंगमध्ये आकडा लिहायचा. १९९२०९ लिहिलं, की आज्ञा जुन्या नियमाने वागणार आणि २००११२ लिहिलं, की नव्या. हे आकडे काय आहेत, ओळखलंत का? सोपं आहे. १९९२ साल, ०९ वा महिना. २००१ साल, १२ वा महिना. म्हणजे आपण संगणकाला सांगायचं, ‘बाबा रे, तू अमुक साली आहेस असं समजून वाग!’

पुढे २००८ च्या नियमावलीने माघार घेतली. जुना अर्थ ठेवायचा की नवा, हे ज्याचं त्याने ठरवावं, अशी मोकळीक दिली. आणि ‘हेड -३’? १९९२ पासून ‘मावळतीला’ लागलेली ती आज्ञा आजही जीएनयूच्या हेडवर मजेत चालते.

क्ष नावाचा माणूस

आज्ञा बदलली, की तीन गोष्टींपैकी एक होते. पहिली, जुनं लिहिलेलं तसंच चालतं. छान! दुसरी, ते थांबतं आणि ‘हे आता चालत नाही, त्याऐवजी असं लिहा’ असं स्पष्ट सांगतं. त्रास होतो, पण फसवणूक होत नाही. तिसरी, ते थांबत नाही, ओरडतही नाही. गुपचूप काहीतरी वेगळंच करतं. ही तिसरी सगळ्यात वाईट. थांबलेलं घड्याळ लगेच कळतं. दहा मिनिटं मागे पडलेलं घड्याळ मात्र एसटी चुकवतं!

या तिसऱ्या प्रकाराचं एक मासलेवाईक उदाहरण आहे. ‘पीएस’ नावाची आज्ञा संगणकावर आत्ता कोणकोणती कामं चालू आहेत त्याची हजेरी घेते. युनिक्सची दोन मोठी घराणी होती. एक मूळ बेल लॅब्जचं आणि दुसरं कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या विद्यापीठाचं. बर्कलीच्या रीतीत पीएसची अक्षरं वजा चिन्हाशिवाय लिहायची : ‘पीएस एयूएक्स’. म्हणजे सगळ्यांची सगळी कामं तपशिलासह दाखव. दुसऱ्या घराण्यात वजा चिन्ह लावायचं आणि तिथे अक्षरांचे अर्थ वेगळे होते. त्या नियमाने ‘पीएस -एयूएक्स’ असं लिहिलं, तर अर्थ होतो : ‘एक्स’ नावाच्या माणसाची कामं दाखव, शिवाय आणखी काही. एक्स म्हणजे आपल्या गणितातला क्ष, पण इथे तो चक्क माणूस!

लिनक्सवरच्या पीएसला दोन्ही घराण्यांतली माणसं सांभाळायची होती. मग तिने काय तोड काढली? कुणी ‘-एयूएक्स’ लिहिलं, की आधी बघायचं, या संगणकावर एक्स नावाचा कुणी आहे का? नसेल तर समजायचं, की याला बहुधा बर्कलीची रीतच म्हणायची होती, चुकून वजा पडलंय. पण पीएसची मदतपुस्तिका बजावते, की ही सवलत जुन्या सवयींना सांभाळून घेण्यासाठी आहे, तिच्या भरवशावर राहू नका. का ते लक्षात आलं ना? उद्या कुणी खरोखरच एक्स नावाचं खातं उघडलं, तर त्याच आज्ञेचा अर्थ त्या दिवसापासून बदलणार!

बदल करण्याच्या चार रीती

मग शहाण्यासारखा बदल करायचा कसा? मोठ्या मंडळींच्या कामातून चार रीती दिसतात.

पहिली रीत : नवं आणा, जुनं शेजारी राहू द्या. प्रोग्रॅम लिहिणारे लोक आपल्या कामाच्या प्रती सांभाळायला ‘गिट’ वापरतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली बनवलं. त्यात ‘चेकआउट’ नावाची एक आज्ञा दोन अगदी वेगळी कामं करायची. एक म्हणजे कामाच्या एका फांदीवरून दुसरीवर जाणं आणि दुसरं म्हणजे फाइलीची आधीची प्रत परत आणणं. नवशिक्यांचा हमखास गोंधळ व्हायचा. म्हणून २०१९ साली ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ अशा दोन वेगळ्या आज्ञा आल्या. आणि चेकआउट? तिला हात लावला नाही. ती आजही आहे तशीच आहे.

दुसरी रीत : आधी सांगा, मग टोका, आणि सांगताना भरपूर वेळ द्या. ‘ग्रेप’ ही आज्ञा फाइलीतून हवा तो शब्द शोधते. तिच्या दोन जुन्या बहिणी, ‘ईग्रेप’ आणि ‘एफग्रेप’. त्यांची कामं ‘ग्रेप -ई’ आणि ‘ग्रेप -एफ’ लिहूनही होतात. जीएनयूने २००७ साली जाहीर केलं, की या दोघी आता निवृत्तीला आल्या. पण त्या वापरल्यावर पडद्यावर इशारा यायला लागला तो थेट २०२२ साली. म्हणजे पंधरा वर्षांनी! इशारा दिला तरी काम मात्र त्या अजून करतात.

इथे एक बारकावा सांगते. इशारा लिहायचा कुठे? आज्ञेला बाहेर बोलायला दोन नळ्या असतात. एकीतून उत्तर येतं, दुसरीतून तक्रारी. इशारा नेहमी दुसऱ्या नळीतून सोडायचा. नाहीतर ‘ही आज्ञा जुनी झाली’ हे वाक्यच उत्तरात मिसळेल आणि पुढची आज्ञा त्यालाही एखाद्या मुलाचं नाव समजेल. उत्तरपत्रिकेवर ‘पेन नीट चालत नाही’ असं लिहीत नाही ना आपण? तसंच.

तिसरी रीत : जुन्या शब्दाला नवा अर्थ चिकटवू नका. शब्द रिकामा झाला तर रिकामा राहू द्या. ‘कर्ल’ नावाची आज्ञा इंटरनेटवरून मजकूर आणते. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ साली ती प्रसिद्ध केली. संदेश गुपित ठेवण्याची एक जुनी पद्धत वापर, असं सांगणारा एक ऑप्शन कर्लमध्ये होता. ती पद्धत असुरक्षित ठरली. मग २०२१ साली कर्लने काय केलं? तो ऑप्शन ओळखायचा, पण त्याचं काहीच करायचं नाही, असं ठरवलं. जुनी स्क्रिप्ट निव्वळ त्या शब्दामुळे अडत नाही आणि धोक्याची पद्धतही वापरली जात नाही. आणि तो शब्द कुणी दुसऱ्या कामाला जुंपतही नाही.

ही रीत आपल्या देशाने फार पूर्वी पाळली आहे. आजीला किंवा पणजीला विचारा. पूर्वी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे असायचे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर भाग झाले. आता या नव्या नाण्यालाही नुसतं ‘पैसा’ म्हटलं असतं, तर बाजारात काय गोंधळ झाला असता! एका रुपयात चौसष्ट मावणारा पैसा आणि शंभर मावणारा पैसा, दोघांचं नाव एकच. म्हणून नव्याचं नाव ठेवलं ‘नया पैसा’. जुनी नाणी काही वर्षं सोबत चालू दिली. १ जून १९६४ ला ‘नया’ हा शब्द गळाला आणि उरला नुसता पैसा. आधी वेगळं नाव, मग भरपूर वेळ आणि शेवटी साधं नाव. क्रम बघा किती शहाणा आहे! आणि पंचवीस पैशांना लोक पुढे कित्येक वर्षं ‘चार आणे’च म्हणत राहिले. दुकानदारालाही ते बरोबर कळायचं.

चौथी रीत : न बोललेला शब्दही जपा. नुसता ‘एक चहा’ म्हटलं, तर त्यात साखर असणार हे आपण धरूनच चालतो. तसंच आज्ञेला एकही ऑप्शन दिला नाही, तरी ती काय करणार हे लोकांनी गृहीत धरलेलं असतं. गिटमध्ये नुसतं ‘गिट पुश’ म्हटलं, की पूर्वी नाव जुळणाऱ्या सगळ्या फांद्या दुसरीकडे पाठवल्या जायच्या. नवशिक्याच्या हातून नको ते पाठवलं जाई. २०१४ साली गिट २.० आलं तेव्हापासून, ज्या फांदीवर तुम्ही काम करताय तेवढीच जाते. पण हा बदल एका रात्रीत नाही केला. आधीच्या आवृत्त्यांमधून ‘असा बदल येतोय’ असे इशारे दिले. ज्यांना जुनीच रीत हवी, त्यांच्यासाठी एक सेटिंगही ठेवलं.

सु म्हणजे कोण?

आता एक सापळा बघा. लांब ऑप्शन पूर्ण टाइप करायचा कंटाळा येतो, म्हणून जीएनयूच्या आज्ञांमध्ये अर्धवट नाव लिहिलं तरी चालतं. फाइलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ आज्ञेला ‘रिव्हर्स’, म्हणजे उलट्या क्रमाने, असा लांब ऑप्शन आहे. त्याची पुरेशी सुरुवातीची अक्षरं लिहिली, की तिला कळतं. पण फक्त पहिली दोन इंग्रजी अक्षरं, आर आणि ई, लिहिली तर? ‘रिकर्सिव्ह’ हा दुसरा ऑप्शनही त्याच दोन अक्षरांनी सुरू होतो. मग ती म्हणते, ‘यातला नक्की कोणता?’

वर्गात सुमन एकटीच असते तोवर ‘सु’ म्हटलं की तीच उभी राहते. जूनमध्ये सुलभा आली, की ‘सु’ कोण? सुलभाने काही चूक केली का? बिचारी नुसती वर्गात आली! तसंच नवा ऑप्शन नुसता आला, तरी कुणाच्या तरी स्क्रिप्टमधलं अर्धवट नाव अडू शकतं. म्हणून टाइप करताना हवं तर अर्धं लिहा, पण स्क्रिप्टमध्ये जपून ठेवायचं असेल तिथे नाव पूर्णच लिहा. नातं जपणं हे दोन्ही बाजूंचं काम आहे.

बारा माणसं आणि एक टॅब

तर मग जुनं कायम जपावं, हाच आजचा धडा का? थांबा. एक गोष्ट ऐका आणि तुम्हीच ठरवा.

१९७६ साली बेल लॅब्जमध्येच स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. त्याला सूचना देणाऱ्या फाइलीत काही ओळींची सुरुवात टॅबच्या कळीनेच करावी लागते. तिथे नुसत्या मोकळ्या जागा सोडल्या, तर मेक अडून बसतं. पडद्यावर टॅब आणि मोकळ्या जागा दिसतात सारख्याच! फेल्डमनना ही अडचण लवकरच कळली होती. पण तोवर साधारण डझनभर लोक मेक वापरायला लागले होते, बहुतेक त्यांचे मित्रच. त्यांच्या तयार फाइली बिघडू नयेत म्हणून त्यांनी टॅब तसाच ठेवला. आज जवळजवळ पन्नास वर्षं झाली. त्या डझनभर मित्रांचा त्रास वाचला आणि त्यानंतर शिकणाऱ्या कितीतरी लोकांनी त्या न दिसणाऱ्या टॅबपायी डोकं धरलं!

म्हणजे जुनं सांभाळणं फुकट नसतं. ठेवलेला प्रत्येक जुना ऑप्शन म्हणजे बनवणाऱ्याला एक जास्तीची काळजी. नवं काही करताना तोही चालतोय ना हे दरवेळी तपासावं लागतं, मदतपुस्तिकेत समजावून सांगावं लागतं. आणि हे करणारी कितीतरी माणसं पदरमोड करून, सुट्टीच्या वेळात हे काम करत असतात.

मला वाटतं, यातून निघतो तो धडा असा. वापरणारे बारा असतील, तेव्हा चूक दुरुस्त करायला घाबरू नका. बाराही जणांना घरी जाऊन सांगता येतं. बाराचे बारा लाख झाले, की मात्र तुमचा शब्द तुमच्या एकट्याचा राहत नाही. ज्यांना आपण कधी पाहिलं नाही, अशा माणसांनी त्यावर काहीतरी उभं केलेलं असतं. तेव्हा बदल करायचा तर नवं नाव द्या, जुनं चालू ठेवा, इशारा द्या, वाट बघा. आणि काढायचंच झालं, तर ते मोठ्याने, स्पष्ट सांगून काढा. गुपचूप अर्थ तेवढा बदलू नका.

तुम्ही आत्ता छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिता आहात. उद्या तुमच्यातल्या कुणाची तरी आज्ञा जगभर चालेल. पहिल्या दिवशी ऑप्शनचं नाव ठेवताना दोन मिनिटं जास्त विचार करा. पुढची पन्नास वर्षं कुणीतरी तुम्हाला दुवा देईल!

डोकं चालवा

१. ‘यादी’ फाइलीत एकूण १२ ओळी आहेत. ‘टेल -एन ४ यादी’ किती ओळी दाखवेल? आणि ‘टेल -एन +४ यादी’ किती? (घाई करू नका. कागदावर १ ते १२ लिहून बघा.) शाळेच्या संगणकखोलीत लिनक्स असेल तर सरांना किंवा बाईंना विचारून करूनही बघा.

२. तुम्ही ‘पाढे’ नावाचा प्रोग्रॅम लिहिलाय. ‘पाढे -एन ७’ म्हटलं, की साताचा पाढा येतो. वर्गातली तीस मुलं तो वापरतात. आता तुम्हाला पाढ्याच्या वर मुलाचं नावही छापायचंय आणि नावासाठीही ‘-एन’ हेच अक्षर छान वाटतंय. तुम्ही काय कराल? पहिलीतल्या मुलालाही कळेल अशी इशाऱ्याची एक ओळ लिहून दाखवा.

उत्तरं पुढच्या अंकात. आणि पुढच्या वेळी बोलू, एका आज्ञेचं उत्तर दुसरीच्या तोंडात घालणाऱ्या उभ्या रेघेबद्दल!